पायाची कबर

आमच्या पप्पांना आम्ही दोनदा माती दिली. एकदा त्यांच्या उजव्या पायाला, आणि मग दहा-बारा वर्षांनी उरलेल्या माणसाला. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझं तोंड बघून हसू आवरतो. हसा की. पप्पा स्वतःच हसायचे. हसणाऱ्यांवर माझा राग नाही. माझा राग समजूत घालणाऱ्यांवर आहे, आणि पप्पा गेले त्या दिवशी आमच्या घरात समजूत घालणाऱ्यांचीच गर्दी झाली होती.

पप्पा खडकीला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत टर्नर. जन्मभर लेथपुढे उभे राहिले. फॅक्टरीतून त्यांना काळे, जड बूट मिळायचे, पुढच्या टोकात लोखंडी वाटी बसवलेले. ते बूट त्यांना कोटापेक्षा प्यारे. शनिवारी संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर बसून पॉलिश, आणि रविवारी तेच बूट घालून उपासनेला. आई म्हणायची, "अहो, चर्चला तरी साध्या चपला घाला, काय हे खडखड." ते म्हणायचे, "खडखड ऐकू जायलाच पाहिजे."

त्या खडखडीमागे एक गोष्ट होती. ती आम्ही इतक्यांदा ऐकली होती की पप्पा कुठे थांबणार, कुठे खाकरणार हेसुद्धा मला पाठ होतं. नगर जिल्ह्यातल्या एका गावी पप्पांचे आजोबा राहायचे. वरच्या आळीतून जायचं तर त्यांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. उन्हाळा असो, काटे असोत. पुढे मिशनरी आले आणि आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते वहाणा घालून वरच्या आळीतून चालत गेले. लोकांनी त्यांना बडव बडव बडवलं आणि ओढ्यात टाकून दिलं. सगळे समजले, संपला. पुढच्या रविवारी आजोबा त्याच वहाणा घालून त्याच आळीतून पुन्हा गेले.

पप्पा इथे थांबायचे, खाकरायचे, आणि म्हणायचे, "याला पुनरुत्थान म्हणतात."

संडेस्कूलच्या बाईंनी मला पुनरुत्थान म्हणजे काय ते चित्रं दाखवून शिकवलं. ढग, पांढरे झगे, पंख. माझ्या डोक्यात मात्र बसला तो ओढा. तुम्ही मारून टाकलंत ना? बरं. मी उठलोय, त्याच पायांनी, त्याच रस्त्याने येतोय, आणि पायात वहाणा आहेत. पप्पांचा विश्वास एवढाच होता आणि तो कुणाच्या बापाला हलवता आला नाही.

मग पप्पांना साखर झाली. त्यांच्या बोटाला जखम झाली, ती काळी पडली, आणि काळेपणा वर चढायला लागला. तो काळ असा होता की आजूबाजूला सगळं नवं येत होतं. घरोघर केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर पीसीओ, फॅक्टरीत आकड्यांवर चालणारी मशिनं. मी नुकतीच कॉम्प्युटरचा कोर्स संपवून कर्वे रोडवर एका लहानशा कंपनीत लागले होते. जगात सगळ्या गोष्टींना सुटे भाग मिळायला लागले होते, आणि डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल.

पप्पांनी विचारलं, "मग त्या पायाचं काय करणार?"

डॉक्टर बिचारे गोंधळले. हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणाले. हॉस्पिटल त्याची विल्हेवाट लावतं.

"विल्हेवाट?" पप्पा म्हणाले. "तीस वर्षं लेथपुढे मला उभं केलंय त्यानं. कचरा आहे का तो? माझा पाय मला द्या. उद्या शेवटच्या दिवशी कर्णा वाजला की सगळे मेलेले उठून धावत सुटतील, आणि मी काय लंगडी घालत जाऊ?"

आईने कपाळाला हात लावला. पण पप्पा हटून बसले, पाय ताब्यात मिळाल्याशिवाय ऑपरेशनला जाणार नाही. इकडे काळेपणा चढत होता. शेवटी डॉक्टर तयार झाले. पप्पांच्या फॅक्टरीतल्या एका दोस्ताने फळ्या ठोकून छोटी पेटी करून दिली, आणि पप्पांनी आईला बजावलं, "उजवा बूट घालूनच पुरायचं. अनवाणी नाही जाणार माझा पाय."

ऑपरेशन झाल्यावर पाय चादरीत गुंडाळून आमच्या हाती दिला. आईने हॉस्पिटलच्या मागच्या व्हरांड्यात बसून बूट चढवायचा प्रयत्न केला. चढेना. पाय सुजून खांब झालेला. तिने नाडी पूर्ण सोडली, बुटाची जीभ बाहेर ओढली, पुन्हा बघितलं. मग तिने बूट पायाशेजारी ठेवला, झाकण लावलं आणि उठली.  मी तिच्याजवळच उभी होते.

आमच्या मंडळीचे तेव्हाचे पाळकसाहेब म्हातारे आणि मोठे दिलदार होते. त्यांना वाटेल तो पेच घातला तरी रागवायचे नाहीत. ते म्हणाले, "माणसाचा दफनविधी पायाला म्हणता येणार नाही. पण पाय ज्याचा आहे तो माझ्या ओळखीचा आहे, आणि त्याचा देवही." कबरस्तानात कडुनिंबाखाली एक लहानसा खड्डा खणला. त्यांनी साधी प्रार्थना केली, आम्ही मूठमूठ माती टाकली, झालं.

संध्याकाळी वॉर्डात गेलो तर पप्पांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न आईला, "बूट चढवलास ना?"

"हो," आई म्हणाली.

आईला खोटं बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

घरी आल्यावर पप्पांना रबरी पाय बसवून आणला. आठवडाभर घातला आणि मग कपाटामागे टाकून दिला. विचारलं तर म्हणायचे, "ती जागा रिझर्व्ह आहे." कुबड्यांवरच चालायचे. फॅक्टरीत त्यांना बसून करायचं काम दिलं, ते निवृत्तीपर्यंत केलं. आणि शनिवारी संध्याकाळी पायरीवर बसून एका डाव्या बुटाला पॉलिश. शेजारीपाजारी चेष्टा करायचे, एवढं काय चमकवताय, एकच तर आहे. पप्पा म्हणायचे, "जोडी फुटली नाहीये. एक पुढे गेलाय."

ईस्टरला तर कहर. आमच्यात त्या दिवशी पहाटेची उपासना कबरस्तानातच होते. सगळे आपापल्या माणसांच्या कबरी धुऊन पुसून फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. कुणी आईच्या कबरीपाशी, कुणी नवऱ्याच्या. आणि आमचे पप्पा कुबड्या टेकत कडुनिंबाखाली स्वतःच्याच पायावर निशिगंधाचा गुच्छ ठेवून उभे. उजाडताना पाळक म्हणायचे, प्रभू उठला आहे. मंडळी म्हणायची, खरोखर उठला आहे. त्यात पप्पांचा आवाज सगळ्यात वर. बाकीच्यांचं मरण अजून यायचं होतं, पप्पांचं निम्मं काम होऊन गेलं होतं. बायका पदराआड हसायच्या. मलाही हसू यायचं.

पुढे मी हिंजवडीला लागले. काचांच्या बिल्डिंगा, गळ्यात कार्ड, दीड तास बसमध्ये जायला आणि दीड तास यायला. तिथे शरीराला फारसं काम नाही. बसायचं आणि बोटं हलवायची. एकदा कॅन्टीनमध्ये मी पप्पांच्या पायाची गोष्ट सांगितली. आमच्या टीममधली एक नागपूरची, मनाने चांगली मुलगी, अगदी मायेने म्हणाली, "अगं पण शरीर म्हणजे नुसते कपडे ना. आत्मा खरा. त्याला काय होतंय?"

मी म्हटलं, "तुमच्यात असेल. आमच्यात माणूस कपड्यांसकट उठतो."

ती हसली आणि विषय संपला. पण मला तेव्हा कळलं की मीही बापाचीच लेक. आत्मा अमर आहे म्हणायला काय लागतं? आत्म्याला कुणी ओढ्यात टाकलं नव्हतं. आत्म्याच्या हातात कुणी वहाणा दिल्या नव्हत्या. मार बसला तो पाठीला, काटे बोचले ते तळव्यांना. मग न्याय व्हायचा तर तो पाठीचा आणि तळव्यांचा व्हायला नको? जे शरीर आयुष्यभर खाली बस म्हणून दाबलं गेलं, त्यालाच देव ऊठ म्हणतो, असं माझा बाप मानत होता. मीही मानते. कुणाला अडाणीपणा वाटला तर वाटू दे.

पप्पा थकत चालले तेव्हा कबरस्तानाचं चित्र बदललं होतं. गाव वाढलं, जागा संपली. चर्चच्या कमिटीने ठरवलं की जुन्या कबरस्तानात यापुढे नवीन कबर नाही. ज्यांचं माणूस तिथे आधीच पुरलेलं आहे त्यांनी तीच कबर उघडून घरातल्याला ठेवायचं. बाकीच्यांनी गावाबाहेरच्या नव्या जागेत जायचं. तिथे जमीन नाही, सिमेंटच्या भिंती आहेत आणि भिंतीत एकावर एक कोनाडे. पप्पा एकदा कुणाच्या तरी दफनाला तिथे जाऊन आले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत.

"मला त्या खणात घालू नका," त्यांनी मला सांगितलं. "मला माझ्या पायापाशी न्या. एवढं करशील?"

"करीन," मी म्हटलं.

"कमिटी आडवी येईल."

"येऊ दे की."

ते हसले. त्यानंतर महिनाभरात, एका सकाळी चहाची वाट बघता बघता, खुर्चीतच गेले.

आईने कपडे घातले. कोट, पांढरा शर्ट, विजारीचा उजवा पाय दुमडून पिन लावली. मग पायरीवर जाऊन बसली आणि डाव्या बुटाला पॉलिश केलं. तो शनिवार नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं तशी ती म्हणाली, "तू बघत काय बसलीस, फोन लाव पाळकांना."

पाळक आले, बरोबर कमिटीचे सेक्रेटरी आले. म्हातारे पाळकसाहेब केव्हाच प्रभूघरी गेले होते. हे नवे पाळक तरुण, गिटार वाजवणारे, स्वभावाने गरीब. सेक्रेटरी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, आणि निवृत्तीनंतर सगळी बँक कमिटीत घेऊन आलेले. शेजारणीने चहा दिला. कबर उघडायला माणूस कधी पाठवायचा, मी विचारलं.

"कुठली कबर?" सेक्रेटरी म्हणाले.

"कडुनिंबाखालची. पप्पांची."

"बेटा, ती कबर नाही. तिथे एक अवयव ठेवलाय. नियम माणसांसाठी आहे. घरातलं माणूस पुरलेलं असेल तरच जुनी जागा उघडता येते. आज पायाला परवानगी दिली तर उद्या लोक काढलेले दात घेऊन येतील."

 एरवी मी तिथल्या तिथे सुनावलं असतं, पण आतल्या खोलीत पप्पा झोपवलेले होते.

तरुण पाळकांना माझी दया आली असावी. ते हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पुनरुत्थानात आपल्याला नवं शरीर मिळणार आहे. त्यात काही उणीव नसेल. मग जुना पाय कुठे का असेना? विश्वास असला की बस."

ही ती समजूत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"नवंकोरं?" मी म्हटलं. "मग प्रभूच्या हातांना खिळ्यांचे व्रण कसे राहिले, पाळकसाहेब? उठल्यावरसुद्धा होते. शंका घेणाऱ्या शिष्याला म्हणाला, बोट घालून बघ. देवाला काय दोन भोकं बुजवता येत नव्हती? ठेवली ना त्यानं? ज्या शरीराला मारलं तेच घेऊन आला तो, तुमच्यासारखं बदलून मागितलं नाही. माझ्या बापाचा पाय काळा पडलेला असो, कापलेला असो, तो त्याचा आहे. आणि विश्वास असला की बस, तर मग कबरस्तान कशाला ठेवलंय? द्या महापालिकेला बागेसाठी."

पाळक खाली बघायला लागले. माणूस प्रामाणिक होता. सेक्रेटरींनी मात्र कप खाली ठेवला.

"हे बघ, धर्मशास्त्र पाळक बघतील. मी नियम बघतो. त्या जागी कुणाचंही दफन झालेलं नाही."

"कुणाचंही नाही?"

"नाही."

"विचार करून सांगा, काका. कमिटीचं हेच म्हणणं?"

"हेच. पाय पुरणं म्हणजे दफन नव्हे."

"बरं," मी उठले. "मग भांडण मिटलं. पप्पांना नेतो आम्ही तुमच्या कोनाड्यात. फक्त जाताना कुदळ घेऊन कबरस्तानात थांबू. कडुनिंबाखाली आमची एक पेटी राहिलीय, ती उकरून बरोबर नेतो."

सेक्रेटरी ताडकन उभे राहिले. "असं कसं? कबर उकरता येत नाही. गुन्हा आहे तो. पोलीस केस होईल."

"कुणाची कबर, काका?"

 शेजारीण दारात ट्रे घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. तरुण पाळकांनी तोंडावर रुमाल धरला आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं. सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिले. आजपर्यंत त्यांनी लोकांना कात्रीत धरलं होतं, स्वतः कधी सापडले नव्हते.

"माणूस असेल तिथे तर पप्पांना तिथे ठेवा," मी म्हटलं. "नसेल तर माझा पाय मला द्या. शेंडी तुटो की पारंबी, आज बाप आणि त्याचा पाय एके ठिकाणी जाणार. कुठे ते तुम्ही सांगा."

 सेक्रेटरी खुर्चीवरची पिशवी उचलून म्हणाले, "चार वाजता. तुम्ही वडिलांच्या वळणावर गेलाय." 'बेटा'ची मी 'तुम्ही' झाले होते. त्यांना ते टोमणा म्हणून म्हणायचं होतं. मला दिवसभरात पहिल्यांदा रडू आलं ते त्या वाक्याने.

चार वाजता कडुनिंबाखाली मंडळी जमली. फॅक्टरीतले दोस्त, माझ्या ऑफिसातली ती नागपूरची मुलगीसुद्धा. कबर खोदणारा कमरेएवढा खाली गेला आणि फावडं कशावर तरी खणकन वाजलं. बुटाच्या टोकातली लोखंडी वाटी. पेटी तर मातीत मिळून गेली होती. नळीची लांब हाडं निघाली, पावलाची बारकी बारकी हाडं निघाली, आणि बूट. चामडं वाळून वाकडं झालेलं, पण तळ शाबूत, नाडीही शाबूत. त्याने ते सगळं एका पांढऱ्या टॉवेलवर काढून ठेवलं.

सेक्रेटरी म्हणाले, "ठेवा वडिलांच्या पेटीत तसंच आणि आटपा, ऊन आहे."

पण आई पुढे आली. सकाळपासून तिने ना कुणाशी वाद घातला होता ना डोळ्यातून टिपूस काढलं होतं. ती उकरलेल्या मातीच्या कडेला खाली बसली. बूट मांडीवर घेतला. पदराने आतली माती पुसली, नाडी सैल केली, जीभ बाहेर ओढली. मग पावलाची हाडं एकेक करून आत घातली, अंगठ्याची पुढे, टाचेची मागे.  सेक्रेटरींनी डोक्यावरची टोपी काढली. आईने नळीची हाडं वरून घोट्यात बसवली, नाडी ओढली आणि दोन फासांची गाठ मारली, पप्पा मारायचे तशी.

मी तिला हात देऊन उठवलं. तिने तो पाय दोन्ही हातांवर घेऊन पेटीत दुमडलेल्या विजारीखाली ठेवला, आणि डाव्या बुटाच्या ओळीत सरकवला. मग पप्पांच्या कानाशी वाकली.

"अहो," ती म्हणाली, "सूज उतरली. आत्ता चढला बूट."